विणकरआळीतली खोली

फार पूर्वी शंखपुरात राजा भद्रसेन राज्य करीत होता. तेव्हा बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन, वाडेबिडे सोडून, विणकरआळीत राहत होता. त्या नगरात गरिबांच्या घरभाड्याचं धान्य राजाच्या कोठारातून परस्पर घरमालकाला जाई. अमात्याच्या शेजारच्या खोलीतली म्हातारी विणकरीण उत्पला त्यावरच टिकून होती.

पुढे कुणीतरी राजाचे कान भरले, की घरात नसलेल्या माणसांचंही भाडं जातंय. राजानं ठरवलं, खोलीत अंथरूण दिसेल तरच धान्य द्यायचं. अमात्यानं विरोध केला, पण ऐकतो कोण!

आळीत हा हुकूम कुणी नीट सांगितलाच नाही; अमात्यही तेव्हा राज्याच्या कामानं परगावी होता. राजाची माणसं येणार, एवढंच उत्पलेला कळलं. पाहुण्यासमोर फाटकं अंथरूण दिसता कामा नये, ही तिची जन्माची रीत. तिनं खोली सारवली, वळकटी अमात्याच्या बायकोकडे नेऊन दिली आणि ताक करून वाट पाहत बसली. माणसं आली, ताक प्यायली, स्वच्छतेचं कौतुक करून गेली. आठवड्यानं मालक दारात उभा. "आजी, तुमचं धान्य बंद झालं. मी तरी किती दिवस थांबू?"

अमात्य वळकटी खांद्यावर घेऊन दरबारात गेला. राजा म्हणाला, "एकीला सवलत दिली, तर उद्या सगळी आळी अंथरुणं घेऊन येईल."

"येऊ द्या, महाराज. माणसंच आहेत ती."

राजानं तोंड फिरवलं. अमात्यानं पदाची मुद्रा तिथंच उतरवून ठेवली आणि उत्पलेला आपल्या घरी आणलं. चार दिवसांत पडवीतसुद्धा पाय ठेवायला जागा उरली नाही, तरी धान्य बंद होऊन बेघर झालेली माणसं येतच होती. एका सकाळी भरल्या दिवसांची एक बाई दारात थबकली. उत्पला उठली, आपली जागा तिला देऊन निघाली. अमात्य आडवा आला, तशी म्हणाली, "बाबा, तुझं घर एकच आहे. किती ताणशील?"

ऐन थंडीत वेशीच्या भिंतीला टेकल्या टेकल्या ती गेली. तिच्यामागे आणखी कितीतरी.

एवढं सांगून भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, विहाराच्या ओसरीवरून निराधारांना हटवा म्हणणारा तुमच्यातला हा थोरला, तोच तेव्हाचा राजा. उत्पला म्हणजे त्या ओसरीच्या कडेला बसलेली आंधळी म्हातारी. तिला अजून छप्पर मिळालेलं नाही. अमात्य मी होतो. करुणा म्हणतात ती हीच. पण एकट्याच्या करुणेनं वेशीबाहेरचं एकही माणूस वाचलं नाही."