मायचा दिवस

शिंगाडबोडीच्या शाळेत आज तुम्ही बक्षिसं वाटायला आलात, तर एक गोष्ट ध्यानात येईल. इथं सुंदर अक्षराला बक्षीस आहे, धावण्याला आहे, नखं-केस नीट ठेवणाऱ्यालाही आहे. वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्याला मात्र नाही. तसं लेकरू या शाळेत नसतंच. प्रत्येकाला वर्षातून एक दिवस घरी राहावं लागतं. गुरुजी स्वतःच सांगतात, "उद्या येऊ नको." त्या दिवसाला गाव मायचा दिवस म्हणतं. पाहुण्यांना हसू येतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

शाळेवर कौलं होती त्या काळची ही गोष्ट. मी पाहिलेली नाही, जुन्या माणसांकडून ऐकलेली. तेव्हा वरचे वर्ग नुकतेच सुरू झाले होते. धानाची रोवणी आली की वर्ग ओस पडत, आणि मुली तर सणासुदीला आल्यासारख्या येत. दहीकर नावाचे मुख्य गुरुजी होते. माणूस देवासारखा होता, असंच सगळे सांगतात. पोरांना सवय लागावी म्हणून त्यांनी जाहीर केलं, जो वर्षभर एकही हजेरी चुकवणार नाही, त्याला वर्षाच्या शेवटी सगळ्या गावासमोर पितळी गडवा, म्हणजे मोठा तांब्या, मिळेल.

ते बक्षीस मनावर घेतलं पारबतानं. ती ढिवराची, मासेमाराची पोर. बाप नव्हता. माय, भागरता, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाण्यात उतरून शिंगाडे काढायची. पारबता पावसात आली, पायात काटा मोडला तरी आली. गुरुजी तिला वर्गासमोर उभी करून म्हणत, "हिच्याकडे पाहा. सवय असावी तर अशी." ते ऐकून पोर आणखी ताठ चालायची.

फाल्गुनात भागरता तापानं पडली. ताप उतरे आणि पुन्हा चढे. एका सकाळी तिनं लेकीचा हात धरला.

"आज राह्य ना वं घरी. जीव कसातरीच करते."

"परीक्षा जवळ आली, माय. आता हजेरी तुटली त सारं वर्ष पाण्यात जाईन."

भागरतानं हात सोडला. "जाय मंग. लवकर येजो."

पारबता मायच्या उशाशी पाणी ठेवून शाळेत गेली.

उन्हं चढली तशी शेजारची ठगूबाई धावत शाळेत आली. भागरता लेकीला बोलावते आहे, पोरीला लवकर धाडा, असं तिनं गुरुजींना सांगितलं. तेव्हा हजेरी दोनदा व्हायची, सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीनंतर. गुरुजींनी विचार केला, वर्षभराची पोरीची तपश्चर्या, आता घटकाभरासाठी मोडायला नको. ते ठगूबाईला म्हणाले, "दुपारची हजेरी झाली की लगेच सोडतो." पारबताला ते काहीच बोलले नाहीत. सुट्टी संपली, नावं पुकारली गेली, पारबता नेहमीसारखी मोठ्यानं म्हणाली, "हजर!" मग गुरुजींनी तिला जवळ बोलावून निरोप सांगितला.

बोडीच्या पाळीवरून, बांधावरून, ती धावत गेली. दाराशी बायका जमल्या होत्या.

ठगूबाई म्हणाली, "कवाची तुह्यं नाव घेऊन राह्यली होती. मी मास्तरले सांगून आली होती ना वं?"

पारबता म्हणे रडली नाही. परीक्षेपर्यंत रोज शाळेत येत राहिली. शाळेत सगळ्यांना वाटलं, पोर सावरली.

बक्षिसाच्या दिवशी सगळा गाव जमला. तिचं नाव पुकारलं, टाळ्या वाजल्या. गडवा हातात घेऊन ती म्हणाली, "गुरुजी, माय गेली त्या दिवसाची माही हजेरी खोडून टाका."

"बाळ, तू हजर होतीस ना?"

"होती. तेच खोडा."

तिनं गडवा टेबलावर ठेवला आणि खाली उतरली. त्यानंतर ती शाळेची पायरी चढली नाही. मायच्या जागी बोडीत शिंगाडे काढू लागली.

गुरुजींनी त्या उन्हाळ्यात बोडीचं पाणी ओंजळीत घेऊन शपथ वाहिली, असं सांगतात: या शाळेत यापुढं कोणाचीच हजेरी पुरी भरणार नाही. तिथून लेकरानं एक दिवस मायजवळ राहायची ही चाल पडली. गाव गुरुजींना थोर म्हणू लागलं. पण गुरुजी पाळीवरून जाताना पारबता मान वर करत नसे.

नोकरी संपल्यावर गाव सोडण्याआधी ते तिच्या दारी गेले. तोवर तीही लेकुरवाळी झाली होती. तिनं बसायला टाकलं, चहा केला. गुरुजींनी हात जोडले.

"पारबता, आतातरी माफ कर."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "तुमी दावा धरून केलं असतं, गुरुजी, त कवाच माफ केलं असतं. तुमी माह्या भल्यासाठी केलं. त्याले माफी कशी देऊ?"

गुरुजी उठले. चहा तसाच राहिला, म्हणे.

आजही ही चाल कोणी मोडलेली नाही. आपापला दिवस येतो तसं एकेक लेकरू घरी राहतं. पण आता दिवसाची मजुरी बुडवणं कोणत्या मायला परवडतं? दुपारी वस्तीतून चक्कर मारली, तर कुठं ना कुठं एखादं पोर उंबऱ्यावर एकटंच बसलेलं दिसेल. माय कामावर गेलेली असते.