शाडूची मूर्ती आणि कोरडं तळघर

ओवीचा खोकला माझ्या हेळसांडीने आहे की भिंतीमुळे, या काळजीने मला झोप येईना. माझी चार वर्षांची लेक तळघरातल्या खोलीत झोपायची, आणि तिथल्या भिंतीला हात टेकला की तळवा ओला व्हायचा. घर बांधून देणारे धनाजीराव काटकर मात्र ऐकूनच घेत नव्हते.

"वहिनी, बाहेरून पाणी येतच नाही. तुम्ही खोली कोंदट ठेवता, म्हणून भिंतीला घाम येतो."

मी शिकलेली बाई, तरी मुकाट्याने दिवसभर पंखा लावून ठेवू लागले. ओल काही हटली नाही.

श्रावणात धनाजीराव मंडळाचे अध्यक्ष म्हणून कार्यकर्त्यांसह दारात आले. शाडूची मोठी मूर्ती चतुर्थीपर्यंत ठेवायला त्यांना आमचा दिवाणखाना हवा होता.

"दिवाणखाना कशाला? तळघर मोकळं करून देते," मी म्हणाले. "पंखाही चालू ठेवीन."

"छे छे! शाडू म्हणजे कच्ची माती, वहिनी. त्या ओलीत बाप्पाचे हात गळून पडतील!"

कार्यकर्ते त्यांच्याकडे बघतच राहिले. मी विचारलं, "जी ओल मातीच्या बाप्पाला सोसत नाही, ती माझ्या लेकीच्या छातीला कशी सोसेल, काटकरसाहेब?"

धनाजीराव खाली बघत म्हणाले, "उद्याच माणसं लावतो. बाहेरून माती खणून भिंतीला वॉटरप्रूफिंग करून देतो."

माझ्या शेजारी उभ्या ओवीने माझी ओढणी ओढली.

"आई, मग मीपण बाप्पाजवळ दिवाणखान्यातच झोपू?"