धान्यकोठीतला उंदीर

लेक तापातून उठली, तर दर शुक्रवारी सत्याची एक कहाणी सांगेन, असा नवस मी देवीला बोलले होते. ही त्यातलीच.

चीन देशी दुष्काळ पडला, आणि सुभेदाराने धान्य कोंडून ठेवलं. तेव्हा शेन नावाच्या म्हाताऱ्या चित्रकाराने कोठीतला लठ्ठ उंदीर रंगवला. सुभेदार खवळला, "थेरड्या, हा मीच ना? तोडा याचा हात!"

शेनने हात पुढे केला. "तोडा, सरकार. पण रिवाजाप्रमाणे शिक्षेचं कारण वेशीवर लिहून लावावं लागेल. तोवर लोकांना यात नुसता उंदीरच दिसतोय."

सुभेदाराने मुकाट्याने चित्र परत दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच हाताने शेनने रिकामा वाडगा रंगवला.

बायांनो, तुम्हीही असा एखादा नवस बोला, आणि फेडा.