तांब्यातला शत्रू

चांदी चकाकली की तुमचे डोळे दिपतात, आणि मग कुणाचीही थाप तुम्ही इतिहास म्हणून छापता!

शाल्मलीने मात्र तीन वर्षं गावोगाव पायपीट करून तालुक्याचा खरा इतिहास लिहिला होता. छपाईसाठी आता तालुका इतिहास मंडळाचे अध्यक्ष सर्जेराव नेर्लीकर यांची सही तेवढी हवी होती. त्यांच्या बंगल्यावर मंडळाची बैठक भरली, तेव्हा सर्जेरावांनी कपाटातून चांदीचा तांब्या काढला.

“ही खूण बघ, पोरी. शत्रूचा भाला आमच्या खापरपणजोबांनी या तांब्यावर झेलला. हे पहिल्या पानावर आलं, तरच सही!”

शाल्मलीने तांब्या फिरवून पाहिला.

“घेते की, काका. पण भाल्याने तांब्या आत दबला असता. याला तर बाहेर टेंगूळ आलंय, म्हणजे वार आतून झालाय. तेव्हा शत्रू तांब्यात शिरला कसा, तेवढं सांगा. तेही पहिल्या पानावर छापू.”

बैठकीत हशा पिकला. हा प्रश्न खरंच छापून येईल या धास्तीने सर्जेरावांनी झटकन सही केली.

चहा घेऊन आलेल्या गोदामावशी म्हणाल्या, “शत्रू कसला हो ताई, बत्ता होता. साहेबांना कवळी बसल्यापासून त्यांची सुपारी मी यातच कुटते!”