ओझ्याला हात

एकदा एक तरुण डॉक्टरीण आपल्या जुन्या गुरुजींकडे आली. गुरुजी म्हणजे शब्दकोश करता करता केस पिकलेले गृहस्थ; शाळेत तिला इंग्रजी त्यांनीच शिकवले होते. दुसऱ्या दिवशी तिला डोंगरातल्या एका दवाखान्याचा चार्ज घ्यायचा होता. तिथे आधीच्या डॉक्टरांच्या हातून एक बाळंतीण दगावली होती. आपल्या हातूनही तसेच झाले तर, या धास्तीने तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. राजीनामा लिहून तयार होता.

“गुरुजी, हा चार्ज शब्द आला तरी कुठून?”

गुरुजींना तेवढेच हवे होते. “पोलीस लाठ्या घेऊन धावतात तो चार्ज, कोर्टात आरोप ठेवतात तो चार्ज, तुमच्या मोबाइलात भरता तोही चार्जच. मुळात लॅटिनमध्ये गाडीवर माल लादणं, एवढाच अर्थ. पुढं जे जे लादता येतं, ते ते त्यात आलं.”

“म्हणजे ओझंच!” तिचा चेहरा पांढराफटक पडला.

यावर माणसाने धीराचे दोन शब्द बोलावेत की नाही? गुरुजींनी अंगणातल्या लाकडाच्या मोळीकडे बोट दाखवले. “ती डोक्यावर घे.”

मोळी विकायला आलेली भागाबाई ओसरीवर पाणी पीत होती. ती बघतच राहिली.

डॉक्टरणीने तीनदा जोर लावला. मोळी गुडघ्यापर्यंत यायची नि धपकन खाली पडायची. उद्याही हेच होणार, असे वाटून तिला रडू कोसळले. गुरुजी हाताची घडी घालून उभेच.

शेवटी भागाबाईला राहवेना. “अवं बाई, एकटीनं कुनी मोळी डोईवर घेतं व्हय? हात लावा म्हनावं की!” दोघींनी धरली तशी मोळी डोक्यावर चढली.

गुरुजी म्हणाले, “बाळ, हिनं तीस वर्षं ओझी वाहिली. रानातून निघताना वाटेनं कुणी येईपर्यंत ही थांबते, ओळख नसली तरी हात मागते. त्यात तिला कमीपणा वाटत नाही. ओझं वाहायचं आपणच. पण चढवायला दुसरा लागतो. तू तीनदा हरलीस, आणि आम्हा दोघांपैकी एकालाही हाक मारली नाहीस. मला भीती वाटते ती त्याची.”

अज्ञान उघडे पडेल म्हणून कॉलेजातही तिने कधी कुणाला काही विचारले नव्हते.

चार्ज घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी एक अडलेली बाई आली. डॉक्टरणीने तालुक्याच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला आणि पायरीवर अंग चोरून बसलेल्या गावच्या म्हाताऱ्या सुईणीकडे वळून म्हणाली, “आजी, आत या. मला जरा हात लावा.”