बापाचा हक्क

पूर्वी वेलापट्टण बंदरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तांडेलाच्या जन्मी होता. लोकांची गलबते खाडीत सुखरूप आणण्यात त्याचे उभे आयुष्य गेले होते. हे कोणत्या काळी, असे विचारू नका; जन्मांना पंचांग नसते.

त्या बंदरात दर्यापारचे मुसलमान व्यापारीही राहत. त्यांच्यापैकी इद्रीसचा मुलगा हमजा एकदा गलबत आधी कोणी धक्क्याला लावायचे यावरून भांडला. रागाच्या भरात त्याने वल्हे हाणले आणि बोधिसत्त्वाचा एकुलता एक मुलगा सोमिल जागीच गेला. राजाने हमजाला सुळावर देण्याचा हुकूम सोडला. रडून रडून बोधिसत्त्व इतका थकला होता की, राजा काय करायचे ते करो, आपल्याला पडून राहू द्यावे, एवढेच त्याला वाटे.

संध्याकाळी इद्रीस दारात आला.

"मुलाला सोडवा म्हणायला आलात?" बोधिसत्त्वाने विचारले.

"नाही. तुमचा हक्क सांगायला आलो. आमच्यात मेलेल्याच्या बापाला विचारल्याशिवाय मारणाऱ्याचा जीव घेत नाहीत. घ्या म्हणायचं की माफ केलं म्हणायचं, ते बापाच्या तोंडी. जीव अल्लानं दिलेला. तो असा परस्पर जाऊ नये. तुम्ही घ्या म्हणालात तरी माझी तक्रार नाही."

"इथं तसा कायदा नाही."

"ठाऊक आहे," इद्रीस म्हणाला आणि उंबऱ्याशीच बसला. त्याच्यातही उठून जायचे त्राण नव्हते.

बोधिसत्त्वाला त्याचा फार राग आला. आतापर्यंत मारणारा राजा होता, आणि याने येऊन ते ओझे त्याच्या गळ्यात घातले होते. 'घ्या' म्हणून टाकावे असे त्याने ठरवले. पण समोर बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहून तो शब्द तोंडातून निघेना.

सकाळी तो राजाकडे गेला.

"महाराज, मुलगा माझा गेला आहे. हमजाला माफ करायचा हक्क मला द्या."

"राग गेला तुझा?"

"नाही, महाराज. पण प्राण घेणार नाही असं शील मी घेतलं आहे. ते माझ्या हातापुरतंच, असं सोयीनं धरून बसलो होतो. तुमच्या हातून झालं तरी ते पाप मलाच लागेल."

राजाने हमजाला सोडले. सोमिल काही परत आला नाही, आणि बोधिसत्त्वाला पुढे कितीतरी दिवस झोप लागली नाही.

ही कथा भिक्खूंना सांगून त्यांचे गुरू शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा तो आज आपल्याला भिक्षा वाढणारा गृहस्थ. इद्रीस तो आपला वृद्ध भिक्खू सुयाम. तांडेल मी."

"आणि हमजा?" एका भिक्खूने विचारले.

"माझ्या आजारपणात माझे पाय चेपतो, तो."

शास्त्यांच्या पायांशी बसलेल्या भिक्खूचे हात थांबले.

"चेप, बाबा, दुखतात अजून," शास्ते म्हणाले. "राग न जाताही माफ करण्याच्या या गुणाला क्षांती म्हणतात. थकलेल्या माणसालाही ती जमते."