गोल काच, चौकोनी खाच

राजा रुद्रभानाची हत्तीवरची मिरवणूक अर्ध्या राज्याला दिसलीच नाही, आणि राजाचं डोकं फिरलं.

मिरवणुकीचं चित्र बाळोबा चिताऱ्याने काचेवर झकास रंगवलं होतं. अशी काच चित्रदिव्याच्या खाचेत सरकवली, की गावातल्या भिंतीवर हत्तीएवढा हत्ती उभा राही. पण नदीच्या अलीकडचे सगळे दिवे माणकशेठचे, त्यांची खाच गोल. पलीकडचे सगळे धनपाळशेठचे, त्यांची खाच चौकोनी. बाळोबाची काच होती गोल. पलीकडची प्रजा तासभर कोरी भिंत बघून घरी गेली.

"महाराज, चौकोनी दिवे मोडीत काढा आणि सनद मला द्या," माणकशेठ म्हणाला.

"गोल मोडा, मला द्या," धनपाळशेठ म्हणाला. "आणि माझ्या मापाची काच माझ्या परवान्याशिवाय कुणी कापायची नाही."

"माझ्याही!" माणकशेठ ओरडला.

राजाने मिशी पिळली. तो मिशी पिळू लागला की दरबारी आपापल्या पायांचे अंगठे बघत.

"उद्या दुपारी एकच चित्र दोन्ही दिव्यांतून दिसलं पाहिजे. दिव्यांना हात लावायचा नाही, यांच्या मापाची काच वापरायची नाही. नाही जमलं, तर सगळे दिवे तळ्यात आणि चिताऱ्यांचे कुंचलेही तळ्यात!"

दोन्ही शेठ निवांत घरी गेले. मूळचे ते तांदळाचे व्यापारी, दुकानं भरलेली होती. बाळोबाकडे मात्र कुंचल्यांशिवाय काही नव्हतं. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसऱ्याच्याच पोटावर पाय आला होता. तो ताटावर नुसता बसून राहिला.

"बाबा, जेवा बघू," त्याची मुलगी भिवरा म्हणाली. "महाराजांनी चित्र मागितलंय. काच कुठं मागितलीय?"

दुसऱ्या दिवशी दरबाराचे पडदे ओढले, दोन्ही दिवे पेटवले. भिवरा आली ती रिकाम्या हातांनी.

"चित्र कुठाय?" राजाने विचारलं.

"आणलंय, महाराज."

तिने गोल खाचेच्या दिव्यासमोर दोन्ही हात धरले. भिंतीवर हत्ती आला, त्याने सोंड हलवली. मग एक हात वर गेला, हत्तीच्या पाठीवर फेटेवाला स्वार बसला आणि झोकात मिशी पिळू लागला. ती चौकोनी खाचेच्या दिव्यासमोर गेली. तोच हत्ती, तोच स्वार, तीच मिशी! दरबाऱ्यांनी हसू आवरायला तोंडात उपरणी कोंबली.

"ही लबाडी आहे," माणकशेठ चिडला. "परवाना कुणाचा घेतलास?"

"हातांचं माप देवानं ठरवलं, शेठजी. परवाना त्याच्याकडंच मागा."

राजा खदखदून हसला. "जिंकलीस पोरी! काय हवं ते माग."

"महाराज, सावलीत बाबांचे रंग दिसत नाहीत, म्हणून काच लागणारच. खाच एकच ठरवा, गोल नाहीतर चौकोनी. आणि तिचं माप गावोगावच्या चावडीवर टांगा. ज्याला हवी त्यानं काच कापावी, ज्याला हवा त्यानं दिवा करावा."

"मग आम्ही काय माशा मारायच्या?" दोन्ही शेठ जन्मात पहिल्यांदा एका सुरात बोलले.

"धनपाळशेठ, तुमच्या दुकानातली पायली कुणाच्या मापाची?" भिवराने विचारलं.

"सरकारी मापाची."

"आणि माणकशेठच्या?"

"तीही सरकारीच."

"मग दोघांचा तांदूळ सारखाच म्हणायचा?"

"छे!" धनपाळशेठ उसळला. "माझ्या आंबेमोहोराची सर त्याच्या कण्यांना कुठली? गिऱ्हाईक नदी ओलांडून येतं माझ्याकडे!"

"मग दिवेही तसेच विका की. माप सरकारचं, माल ज्याचा त्याचा. ज्याचा उजेड चांगला, त्याच्याकडं गिऱ्हाईक नदी ओलांडून येईल."

राजा हसता हसता सिंहासनाला टेकला आणि डोळे पुसत म्हणाला, "खाच चौकोनी! गोलात माझा फेटा कापला जातो. माप उद्याच चावडीवर टांगा. आणि बाळोबा, मिरवणूक पुन्हा रंगव, गावागणिक एक काच!"

मग त्याने आपल्या दोन्ही मनगटांतली सोन्याची कडी काढून भिवराच्या हातांत घातली. "आता हत्ती पुन्हा दाखव."

तिने दाखवला. या खेपेला हत्तीच्या पायांत तोडे होते.